सीमाभागातनं फिशरीजमध्ये मास्टर्स: कुठं, कसं आणि कशावर करायचं

दरवर्षी उन्हाळ्यात चिक्कोडी, निपाणी, खानापूरकडनं फोन चालू होतात. कुणाचा मुलगा बीएफएस्सीच्या, म्हणजे फिशरीजच्या डिग्रीच्या, शेवटच्या वर्षाला असतो, कुणाची मुलगी बीएस्सी झूलॉजी करून घरी बसलेली असते, आणि प्रश्न एकच, फिशरीजमध्ये पुढं शिकायचं तर कुठं आणि कसं. मी खानापूर तालुक्यातली, एमएफएस्सी केलेली, म्हणून मला विचारतात. फोनवर सगळं सांगून होत नाही, अर्धं राहूनच जातंय, म्हणून इथं एकदा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. आपल्याकडं समज असा आहे की मासळीचं शिक्षण म्हणजे समुद्र, म्हणजे कारवार, मालवण, गोव्याच्या पोरांचं काम. पण बघा की, बेळगाव जिल्ह्यात कृष्णा आहे, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा आहे, हिडकलचं धरण आहे, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ आहे, राकसकोप आहे, खानापूरकडं म्हादईचा उगम आहे, शिवाय गावोगावची तळी आणि आता शेतातली कृषी होंडं, म्हणजे शेततळी. एवढं पाणी आहे आणि त्यात मासा किती, कुठला, का कमी होतोय हे मोजून सांगणारी आपली माणसं शोधावी लागतात. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं एकच असतं, शिकायला लांब जा, खुशाल जा, पण विषय निवडताना आपलं पाणी डोळ्यासमोर ठेवा. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबानं लिहिलंय.

कुणाला करता येतं

एमएफएस्सी म्हणजे मास्टर ऑफ फिशरीज सायन्स, दोन वर्षांचा कोर्स, आणि त्याला बहुतेक सगळीकडं चार वर्षांची बीएफएस्सीच लागते. बीएस्सी झूलॉजीवाल्यांना इथंच अडतं, आणि हे बऱ्याच जणांना डिग्री हातात आल्यावर कळतं. त्यामुळं तुमच्या घरात कुणी आत्ता बारावी सायन्सला असेल आणि बायोलॉजी घेतलेलं असेल तर आत्ताच ठरवा, केसीईटी म्हणजे कर्नाटकच्या सीईटीतनं बीएफएस्सीला जाता येतं, आणि शेतकऱ्याच्या मुलांसाठी तिथं वेगळा कोटा आहे, त्याची प्रॅक्टिकल परीक्षा असते, जमिनीचे आणि उत्पन्नाचे दाखले लागतात. शेतकऱ्याच्या घरातली मुलं हा कोटा माहीत नसल्यामुळं सोडून देतात ते बघून वाईट वाटतं.

झूलॉजीवाल्यांनी पण निराश व्हायचं कारण नाही. त्यांचा रस्ता एमएस्सीचा. सगळ्यात जवळ म्हणजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं कारवारला मरीन बायोलॉजीचं पीजी डिपार्टमेंट आहे. गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञानाचे कोर्स आहेत. कोचीच्या कुसॅट विद्यापीठात इंडस्ट्रियल फिशरीज नावाची एमएस्सी आहे, त्यात मासेमारीचं तंत्र, प्रोसेसिंग, एक्स्पोर्ट, मॅनेजमेंट असं सगळं येतं. तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलै विद्यापीठाचं मरीन बायोलॉजीचं जुनं केंद्र आहे. फक्त एक लक्षात असू द्या, राज्याच्या मत्स्य खात्यातल्या किंवा बँकेतल्या काही जागांना फिशरीज सायन्सचीच डिग्री मागतात, तिथं एमएस्सी चालत नाही. म्हणून ज्या नोकरीवर डोळा आहे तिची जुनी जाहिरात आधी काढून वाचा, पात्रतेची ओळ शब्द न शब्द वाचा, आणि मगच कोर्स ठरवा.

परीक्षा

बीएफएस्सीवाल्यांसाठी मुख्य दरवाजा म्हणजे आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, एआयईईए-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. कॉम्प्युटरवर होते, पेपर इंग्रजीत असतो, बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकीला १ वजा. राज्याच्या कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांतल्या ३० टक्के पीजी जागा यातनं भरतात, आणि मुंबईच्या सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) सारख्या आयसीएआरच्या स्वतःच्या विद्यापीठांतल्या सगळ्याच जागा यातनं. उरलेल्या राज्याच्या जागा त्या त्या विद्यापीठाच्या किंवा राज्याच्या प्रवेशातनं भरतात, त्याचा फॉर्म वेगळा, तारखा वेगळ्या. दोन्ही फॉर्म भरा. एकाच भरवशावर राहू नका.

अभ्यासाचं काय करायचं? बीएफएस्सीच्या चार वर्षांच्या नोट्स हाच मुख्य माल आहे, त्यातनं नव्वद टक्के मुलं परत एकदाही जात नाहीत. मत्स्यवर्गीकरण, मत्स्यशेती, पाण्याचं रसायन, रोग, बीजोत्पादन, प्रोसेसिंग, स्टॉक असेसमेंट (पाण्यात मासा किती ते मोजणं), अर्थशास्त्र, विस्तार (म्हणजे शास्त्र लोकांपर्यंत पोचवणं), सगळ्यातनं थोडं थोडं येतं. तारखा आणि नावं विचारतात, म्हणजे १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरींनी कार्प माशांना पिट्यूटरीचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली, त्या दिवसाला आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणतात, किंवा तिलापिया भारतात १९५२ ला आणला, असलं. पण नुसतं पाठ करून पुढं टिकत नाही. चौधरींचा शोध का मोठा ते समजून घ्या, कटला, रोहू, मृगळ हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, त्यामुळं आधी मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, नदीतनं गोळा करून आणावे लागायचे आणि त्यात नको ते मासे पण यायचे. इंजेक्शननं बी हातात आलं, आणि आज आपल्याकडचा कुठलाही शेतकरी तळ्यात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडतो तो त्याच कामाच्या जोरावर. असं समजलं की प्रश्न कसाही फिरवून आला तरी उत्तर येतं.

आपल्या मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजीची भीती असते, एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) मराठीत शिकून आलेली असतात. ती भीती बीएफएस्सीत बरीचशी जाते, पण लिहिण्याची सवय नसते. त्यासाठी आयसीएआरचा कृषिकोश नावाचा ऑनलाइन साठा आहे, त्यात देशभरच्या कृषी आणि फिशरीज विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. आठवड्याला एक उघडा, पूर्ण नको, प्रस्तावना आणि मटेरियल अँड मेथड्स एवढंच वाचा. कोचीच्या सीएमएफआरआय या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचे पेपर पण त्यांच्या साइटवर मोकळे आहेत. यानं दोन कामं होतात, इंग्रजी सुधारतं आणि आपल्याला कशात रस आहे ते कळतं.

कॉलेज

मंगळूरचं फिशरीज कॉलेज १९६९ चं, देशातलं पहिलं, आता बीदरच्या पशुवैद्यकीय आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. कर्नाटकचा दाखला असलेल्यांना हे सगळ्यात सरळ. शिक्षण इंग्रजीत, पण हॉस्टेलवर, बंदरावर, बोटीवर कन्नड आणि तुळू, म्हणून कन्नड बोलायची सवय असलेल्या आपल्या मुलांना तिथं त्रास होत नाही.

रत्नागिरीजवळ शिरगावचं कॉलेज १९८१ चं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली. कोल्हापूरवरनं आंबा घाटानं उतरलं की झालं, भाषा आपली, मासळी समोर. नागपूर आणि उदगीरला पण फिशरीज कॉलेजं आहेत, ती नागपूरच्या माफसू विद्यापीठाची, आणि ती समुद्रापासनं लांब असल्यानं गोड्या पाण्याचं काम तिथं जास्त बघायला मिळतं, आपल्याला ते उपयोगाचंच आहे.

मग मुंबईची सीआयएफई, वर्सोव्याला. १९६१ ला सुरू झाली, १९८९ ला अभिमत विद्यापीठ झाली. रँक चांगली लागते. पण लॅब, लायब्ररी, देशभरची मुलं, आणि हरयाणात रोहतकला, आंध्रात काकीनाड्याला, बंगालमध्ये कोलकात्याला अशी त्यांची केंद्रं आहेत, त्यामुळं एका जागी बसून वेगवेगळ्या पाण्यावरचं काम बघायला मिळतं. मिळत असेल तर सोडू नका. कोचीचं कुफोस हे फिशरीज विद्यापीठ आणि तमिळनाडूचं नागपट्टिणमचं फिशरीज विद्यापीठ हे पण चांगले पर्याय आहेत.

पैशाचं म्हणाल तर आयसीएआरच्या परीक्षेत वरची रँक आली की पीजी स्कॉलरशिप मिळते, अलीकडच्या वर्षांत ती महिन्याला १२,६४० रुपये होती. शिवाय जे आयसीएआरच्या जागेवर आपल्या राज्याबाहेर शिकायला जातात त्यांना नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप असते, ती पहिलीपेक्षा बरीच कमी पण मेसचा खर्च निघतो. इथं आपल्या भागातल्यांनी लक्ष द्यायचं, तुमचा दाखला कर्नाटकचा असेल तर रत्नागिरी किंवा नागपूर हे तुमच्यासाठी राज्याबाहेर धरतात, भले ते तुम्हाला मंगळूरपेक्षा घरासारखं वाटत असू दे.

परदेशाचं थोडक्यात. नॉर्वेत ट्रॉम्सोला आंतरराष्ट्रीय फिशरीज मॅनेजमेंटची मास्टर्स आहे, पण २०२३ पासनं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना नॉर्वेत फी लागते, त्यामुळं पूर्वीसारखं फुकट राहिलेलं नाही. मत्स्यशेतीसाठी स्कॉटलंडचं स्टर्लिंग, अमेरिकेचं ऑबर्न, आणि जवळचं म्हणजे बँकॉकचं एआयटी (एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी). माझं मत विचाराल तर मास्टर्स इथं करा, परदेशाचा विचार पीएचडीला करा, तेव्हा फेलोशिप मिळण्याची शक्यता जास्त आणि कर्ज काढायची गरज कमी.

विषय कुठला घ्यायचा

काउन्सेलिंगला मुलं वरच्या वर्षाच्या पोरांना विचारून मत्स्यशेती पहिल्या नंबरला टाकतात आणि मग जे मिळेल ते. मला हे पटत नाही. फिशरीजमध्ये विषयांची वाटणी मोठी आहे, मत्स्यशेती, माशांचे रोग, पाण्याचं पर्यावरण, मत्स्यसंपत्ती व्यवस्थापन, खाद्य, जनुकशास्त्र, बायोटेक, फिजिऑलॉजी, प्रोसेसिंग, अर्थशास्त्र, विस्तार, आणि प्रत्येकाचं रोजचं काम अगदी वेगळं. ज्याला माणसांत बसायला आवडतं त्यानं अर्थशास्त्र किंवा विस्तार घ्यावा, ज्याला मायक्रोस्कोप सोडवत नाही त्यानं रोग घ्यावेत. ज्याला नदीकाठी उन्हात उभं राहायला जमतं त्याच्यासाठी पर्यावरण आणि संपत्ती व्यवस्थापन.

व्यवस्थापन म्हणजे ऑफिसात बसून मॅनेजर होणं असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. पाण्यात मासा किती आहे, त्यातला किती काढला तर पुढच्या वर्षी तेवढाच राहील, आणि ते पाळायचं तर कायदा, जाळं, परवाना, सोसायटी यातलं काय आणि कसं वापरायचं, हे सगळं त्यात आलं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते ते याचंच उदाहरण, त्या महिन्यांत बेळगावच्या बाजारात बांगडा महाग होतो त्याचं कारण तिकडं आहे. नदीवरचे जुने भोई सांगतात की पूर्वी दोन जाळ्यांत मिळायचं तेवढं आता दहा जाळ्यांत पण मिळत नाही, हेच आपण मोजून लिहिलं की त्याला कॅच पर युनिट एफर्ट म्हणतात. त्यांच्याकडं माहिती आहे, तिचा आकडा करणारं कुणी नाही.

थिसिस आपल्या पाण्यावर

एमएफएस्सीच्या नव्या रचनेत एकूण ७० क्रेडिट असतात आणि त्यातले ३० एकट्या थिसिसचे. म्हणजे जवळजवळ अर्धी डिग्री तुमच्या संशोधनाची. आणि मुलं विषय कसा ठरवतात, तर गाइडनं दिला तो. गाइडचं ऐकायचंच, त्यांच्याकडं प्रोजेक्ट असतो, पैसा असतो, लॅब असते, पण बरेच गाइड मुलानं नीट तयारी करून विषय मांडला तर ऐकून घेतात. पहिल्या सेमिस्टरलाच एक पान लिहून न्या, प्रश्न काय, सॅम्पल कुठनं, किती वेळा, खर्च किती. मी काही विषय सांगते, कुणीही उचला.

पहिला आणि मला सगळ्यात जवळचा, नदीचं पाणी. उसाचा पट्टा आहे आपला, कारखाने आहेत, शहरांचं सांडपाणी आहे, आणि दर एक-दोन वर्षांनी कृष्णा-पंचगंगेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडतो. पेपरात येतं, मळीमिश्रित पाणी सोडलं, पंचनामा झाला, संपलं. होतं काय ते समजून घ्या. मळीच्या पाण्यात सेंद्रिय माल प्रचंड असतो, तो कुजवायला बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात. त्यात रात्री पाणवनस्पती आणि शेवाळं पण ऑक्सिजन घेतात, देत नाहीत, म्हणून पहाटे सूर्य उगवायच्या आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम असला तर मासा सुखात, ३ च्या खाली गेला की त्रासात, आणि मग मासे वर येऊन तोंड उघडून हवा ओढायला लागतात. मरळ टिकते कारण तिला हवेतनं श्वास घेता येतो, बाकीचे जातात.

आता हे मोजायचं कसं ते एकदा हातानं करून बघा, मीटर असला तरी. विंकलर पद्धत म्हणतात. काचेची बीओडी बाटली पाण्याखाली धरून भरायची, एकसुद्धा बुडबुडा आत राहता कामा नये, बुडबुडा राहिला की आकडा खोटा. मग मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड पिपेटनं पृष्ठभागाच्या खाली सोडायचं, झाकण लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. मग सल्फ्युरिक ॲसिड घालून तो विरघळवायचा आणि लॅबमध्ये थायोसल्फेटनं टायट्रेट करायचं, शेवटी स्टार्च घातल्यावर निळा रंग येतो तो नाहीसा होईपर्यंत. मी एकदा अंकलीच्या बाजूला पहाटे सॅम्पल घेत होते, आदल्या दिवशी मासे मेलेले, ट्यूबवर बसून जाळं ओढणारे एक मामा काठावर येऊन बघत उभे राहिले, म्हणाले, "अक्का, रात्री पाण्याला वास आलता, तवाच कळलं आता काय उरत नाही." बाटली त्यांच्यासमोर उलटसुलट केली आणि साका पांढराच बसला. त्यांना मी काय सांगायची गरजच पडली नाही. पण पंचनाम्यात मामांचा वास लिहिता येत नाही, बाटलीतला आकडा लिहिता येतो, आणि तो आकडा मासे मरायच्या आधीचा, मरतानाचा आणि नंतरचा असा तिन्ही वेळचा असेल तरच त्याला वजन. म्हणून कुणीतरी वर्षभर, ठरलेल्या जागांवर, ठरलेल्या वेळी, पहाटे आणि दुपारी असं पाणी मोजायला पाहिजे. एमएफएस्सीच्या मुलाला हे सहज जमण्यासारखं आहे.

दुसरा, क्षारपड जमीन. अथणी, रायबाग, चिक्कोडी आणि पलीकडं शिरोळ या पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन काळ्या जमिनी खारवल्यात, पांढरा थर येतो, पीक येत नाही, शेतकरी तशीच सोडून देतो. असल्या खाऱ्या पाण्यात कोळंबी येऊ शकते, सीआयएफईच्या रोहतक केंद्रानं हरयाणातल्या खारवलेल्या जमिनीवर वन्नामेई कोळंबीचं काम करून दाखवलंय. पण समुद्राचं पाणी आणि जमिनीतलं खारं पाणी एकसारखं नसतं, जमिनीतल्या पाण्यात पोटॅशियम बहुतेक वेळा कमी पडतं आणि कोळंबी कात टाकताना मरते, म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश घालून ते भरून काढावं लागतं. आपल्या काळ्या मातीत किती घालायचं, किती दिवसांनी, खर्च परवडतो का, हे मोजून लिहिलं तर शेतकऱ्याला थेट उपयोग. एक काळजी मात्र घ्यायचीच, त्या तळ्याचं खारं पाणी शेजारच्या चांगल्या रानात जाता कामा नये, नाहीतर एकाचं भलं आणि दुसऱ्याचं वाटोळं. हा मुद्दा थिसिसमध्ये घ्या.

तिसरा, धरणं. हिडकल किंवा नविलुतीर्थावर मासळी जिथं काठाला लागते तिथं ठराविक दिवशी जाऊन कुठला मासा, किती लांब, किती वजन, कुठल्या मापाचं जाळं, एवढंच वर्षभर लिहून काढलं तरी केवढं काम होईल. लांबी आणि वजनाच्या आकड्यांवरनं मासा अंगानं भरतोय की नाही ते कळतं. बीज सोडताना छोटी बोटुकली सोडली तर मरळ आणि इतर खादाड मासे ती गिळतात, म्हणून धरणात १०० मिलिमीटरच्या वरची सोडावी असं शिकवतात, पण प्रत्यक्षात किती मापाची सोडली जाते आणि त्यातली किती परत जाळ्यात येते, हे तपासा. तिलापियाचं प्रमाण किती वाढलंय ते पण बघा, काठावरचे लोक त्याला चिलापी म्हणतात, आणि चिलापी चिलापी म्हणून वैतागलेले असतात.

खानापूरच्या ओढ्यांतले लहान मासे हा पण सुंदर विषय आहे, पश्चिम घाटातल्या ओढ्यांत असे मासे सापडतात जे बाकी कुठं नाहीत. फक्त भीमगड अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लेखी हातात आल्याशिवाय पाण्यात जाळं घालू नका, आणि ती परवानगी यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्या सेमिस्टरलाच करा.

प्रोसेसिंग घेतलेल्यांसाठी बाजार आहे. बेळगावला मासळी गोव्याकडनं, कारवारकडनं येते, घाट चढून, थर्मोकोलच्या पेट्यांत बर्फ घालून. बर्फ किती उरतो, पेटीच्या मधल्या माशाचं तापमान किती, बांगड्यासारख्या माशात बर्फ कमी पडला की हिस्टामीन वाढतं आणि ते शिजवून पण जात नाही, हे आपल्या ताटातलंच आहे. अर्थशास्त्र आणि विस्तारवाल्यांनी बाजारात बसणाऱ्या बायकांकडं जावं, तळ्यांच्या लिलावाकडं बघावं, २०२० ला सुरू झालेल्या पीएम मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लोकांना ४० टक्के आणि बायकांना, एससी-एसटीला ६० टक्के अनुदान आहे, ते आपल्या तालुक्यात खरंच कुणापर्यंत पोचलं ते विचारावं.

फील्डवर जाताना

कन्नड येत नसेल तर शिका, बोलण्यापुरतं तरी. अथणीकडं, सौंदत्तीकडं मासेमारी करणारे बरेच कन्नड बोलणारे, आणि तुम्ही मराठी आहात की कन्नड याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं, माणूस नीट बोलतोय की नाही एवढं बघतात. पहिल्या दिवशी वही काढू नका. चहा घ्या, जाळं बघा, त्यांच्या तोंडची माशांची नावं लिहून घ्या, कारण एका माशाला दर वीस मैलांवर वेगळं नाव आहे, फोटो काढून शास्त्रीय नावाशी जुळवून ठेवा. ज्यांचे मासे मोजता त्यांची विक्रीची वेळ खोळंबवू नका, मोजायला घेतलेला मासा खराब झाला तर पैसे द्या. आणि काम झाल्यावर जे सापडलं ते त्यांना जाऊन सांगा. हे शेवटचं बहुतेक जण करत नाहीत, आणि मग पुढच्या वर्षी गेलेल्या मुलाला लोक माहिती देत नाहीत.

मुलींच्या घरच्यांना बोटीची, नदीची भीती वाटते. फील्डला जोडीनं जायचं, लाइफ जॅकेट घालायचं, पोहायला शिकायचं, पुराच्या दिवसांत काठावरनंच सॅम्पल घ्यायचं. हे मुलांनी पण पाळायचं आहे.

आकडे हाताळायला आर नावाचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे. पहिल्या वर्षीच शिका, थिसिस लिहिताना शिकू म्हणाल तर तेव्हा झोप पण मिळत नाही. आणि डेटा तीन जागी ठेवा, वहीत, लॅपटॉपवर आणि मेलवर.

नोकरी आणि कागद

संशोधनात जायचं तर पुढं पीएचडी आणि एएसआरबी या कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाच्या नेट आणि एआरएस या परीक्षा. बँकेत ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसरला बीएफएस्सीवर पण बसता येतं, एमएफएस्सी करता करता ती परीक्षा द्या. कोळंबीच्या हॅचरी, खाद्य कंपन्या, एक्स्पोर्टच्या प्रोसेसिंग युनिट यांत काम मिळतं पण जास्त करून आंध्र, गुजरात, केरळकडं. कर्नाटकच्या मत्स्य खात्यात केपीएससीतनं (कर्नाटक लोकसेवा आयोगातनं) असिस्टंट डायरेक्टरची जागा असते, तिथं कन्नडची परीक्षा आडवी येते, बोलता येतं पण लिहिता येत नाही अशी आपली मुलं तिथं अडकतात, म्हणून कन्नड लिहायचा सराव एमएफएस्सीच्या दोन वर्षांत करून टाका. महाराष्ट्राच्या नोकरभरतीच्या जाहिरातींत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांसाठी वेगळा उल्लेख असतो, पण त्यासाठी त्या गावात १५ वर्षं राहत असल्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. महाराष्ट्राच्या प्रवेशांत पण सीमाभागासाठी काही कोर्सना तरतूद असते, त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून तुमच्या कोर्सला ती लागू आहे का ते शोधा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आपलं गाव ८६५ च्या यादीत आहे का ते आधी बघा. मग शाळेचा दाखला, एसएसएलसीचं मार्ककार्ड, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधार या सगळ्यांवरचं नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते तपासा, मराठी शाळेतलं नाव आणि कन्नडमधनं इंग्रजीत गेलेलं नाव यात आपल्याकडं हमखास फरक असतो, आडनाव मागंपुढं होतं, वडिलांचं नाव इनिशियलवर येतं. काउन्सेलिंगला कागद अपलोड करताना दोन-तीन दिवसच मिळतात आणि दुरुस्तीला तहसीलदार ऑफिसात महिने जातात. त्यामुळं फॉर्म सुटायची वाट न बघता हे काम डिसेंबर-जानेवारीतच उरकून ठेवा.